नावाडी तीनदाच विचारतो

दर शनिवारी दुपारी तीनच्या ठोक्याला कवळ्या करणारी दातवाली आपल्या मैत्रिणीच्या, मास्तरणीच्या, जेवणाच्या टेबलाशी दोन संगणकांच्या मधे बसायची. डावीकडे तिचा स्वतःचा लॅपटॉप, उजवीकडे मास्तरणीचा जुना, घरघरणारा संगणक. डाव्या पडद्यावर ती गेममधली वैद्यीण असायची आणि उजव्या पडद्यावर मास्तरीण. डावीकडे कोणाची जखम बांधायची, की लगेच उजवीकडे वळून एखादा टोमणा टाइप करायचा. दोन चुलींवर दोन भांडी ठेवून एकही करपू द्यायचं नाही, तसली कसरत. आणि खरी मास्तरीण तिच्या पाठीमागे खुर्चीत बसून हे सगळं बघत असायची. चौदा महिने हे असंच चाललं होतं आणि पलीकडच्या दोघींना त्याचा पत्ता नव्हता.

पलीकडच्या दोघी म्हणजे टपालीण आणि विहीणबाई. टपालीण दूरच्या शहरात टपाल खात्यात पत्रं वेगळी करायच्या हॉलमधे कामाला. तिथल्या यंत्रांच्या खडखडाटाने तिचे कान जवळजवळ गेलेले, म्हणून या चौघी खेळताना कधी बोलायच्या नाहीत, सगळं लिहूनच. विहीणबाई म्हणजे दातवालीच्या मुलीची सासू. मुलांचं लग्न ठरलं त्या बैठकीत बाकीचे हॉलचं भाडं ठरवत असताना मास्तरणीने तिला कोपऱ्यात घेतलं आणि विचारलं, तुम्हाला तलवार चालवायला आवडेल का. तिला आवडली. नऊ वर्षांत सगळ्या एकमेकींना अगंतुगं करायला लागल्या, फक्त या दोन विहिणी तेवढ्या अहोजाहोवर राहिल्या. ऐन लढाईत दातवाली लिहायची, "विहीणबाई, मागे सरा, तुमचं रक्त संपत आलंय," आणि विहीणबाई लिहायच्या, "तुम्ही आधी औषध काढा, मग सल्ला द्या."

गेमचं नाव 'पैलतीर'. दिसेल त्याला गोळी घालायची, असला तो नव्हता. ती एक लांबलचक गोष्ट होती आणि गोष्टीतली माणसं तुम्हीच. एका राज्यातल्या सगळ्या नद्या एके दिवशी वाहायच्या थांबतात आणि चार बायका त्याचं कारण शोधायला निघतात. वाटेत चोराला आसरा द्यायचा की कोतवालाच्या हवाली करायचं, राणीला खरं सांगायचं की नाही, हे चौघींनी ठरवायचं, आणि ठरवाल तशी गोष्ट वळणार. चौघींमधली बोलणारी अर्थात मास्तरीण. पस्तीस वर्षं शाळेत भाषा शिकवलेली बाई. नुसती भुवई वर केली तर साठ पोरं गप्प बसायची. गेममधे तिने एकदा फाशी द्यायला निघालेल्या जल्लादाला बोलता बोलता घरी जेवायला पाठवलं होतं. आणि मतदानात हरली की तिची एक खोड होती. तिचं पात्र जागच्या जागी खाली बसायचं, दोन्ही पायांतले जोडे काढायचं, नीट शेजारी शेजारी ठेवायचं आणि हलायचं नाही. बाकीच्या तिघींनी मनधरणी करावी लागायची. कुठलं बटण दाबून ती हे करते, ते तिने कोणाला सांगितलं नाही. म्हणायची, निषेधाची कला शिकवून येत नाही.

मग एके सकाळी बेसिनपाशी दात घासताना ती कोसळली. डोकं शाबूत राहिलं; समजत सगळं होतं, पण उजवा हात लुळा झाला आणि शब्द गेले. म्हणजे अगदी झाडून गेले. उरला एकच, 'आणि'. पाणी हवं, आणि. खिडकी लाव, आणि. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केलेल्या बाईकडे वाक्य जोडायचा शब्द तेवढा राहिला आणि जोडायला काही नाही.

हॉस्पिटलात दातवालीने तिचा डावा हात धरून विचारलं होतं, त्या दोघींना इतक्यात सांगायला नको ना? मास्तरणीने हात दाबला. दातवालीने तो होकार धरला. त्या दिवसांत मास्तरीण काहीही विचारलं तरी हात दाबायची. 'सांगू का' असा उलट प्रश्न विचारून बघायचं दातवालीला सुचलं नाही. सुचलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं. पुढच्या शनिवारी तिने चष्म्याच्या डबीतली पासवर्डची चिठ्ठी काढली आणि मास्तरणीच्या नावाने लिहिलं, "आले गं. सर्दी आहे, फार बोलायला लावू नका." दोघींनी दोन-दोन हसरे चेहरे पाठवले. सोपं होतं. चाळीस वर्षांची मैत्री, मास्तरीण कशावर काय म्हणेल हे दातवालीला तिच्याआधी कळायचं.

असं तिला वाटायचं.

सर्दीचे चौदा महिने झाले. अधूनमधून टपालीण लिहायची, "मास्तरीण, हल्ली तू खाली बसत नाहीस ती?" दातवाली उजव्या कीबोर्डवर लिहायची, "गुडघे गं." सगळी बटणं दाबून झाली होती तिची. पात्र नाचायचं, नमस्कार करायचं, जांभई द्यायचं. जोडे काही काढायचं नाही. मागे खुर्चीत मास्तरीण 'आणि' म्हणायची, कधी 'आणि आणि आणि' म्हणत उठून स्वयंपाकघरात जायची, तिथे भांडं आपटल्याचा आवाज यायचा. दातवाली म्हणायची, दुखण्याने माणूस चिडका होतो.

बोलायला शिकवणारी मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. तिने एक पुठ्ठा करून दिला होता. त्यावर चित्रं: पेला, बिछाना, हो, नाही, आणि 'थांब'साठी एक उघडा तळहात. तिने दातवालीला बजावलं होतं, एक प्रश्न विचारा आणि मनात दहापर्यंत मोजा, त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. दातवालीचं मोजणं चारच्या पुढे कधी गेलं नाही. चारला तिच्या तोंडून निघून जायचंच, "चहा हवाय ना?" आणि तो पुठ्ठा तिला बालवाडीतला वाटला. पोरांना कविता शिकवणाऱ्या बाईच्या हातात पेल्याचं चित्र द्यायचं? तिने तो फ्रिजवर सरकवून दिला.

याहून एक वाईट गोष्ट झाली होती. विहीणबाई मास्तरणीला खाजगीत लिहायच्या, आधीपासूनच. तेही आता दातवालीच्याच समोर उघडायला लागलं. पहिल्यांदा आलं ते असं: "तुझी मैत्रीण दिवसाआड फोन करून माझ्या सुनेला विचारते, काय खाल्लंस. मी काय तिला उपाशी ठेवते?" दातवालीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण मास्तरीण म्हणून तिने लिहिलं, "मनाने वाईट नाही गं ती. थोडी आगाऊ आहे." स्वतःच्या हुशारीवर ती दोन दिवस खूश होती. मग एका शनिवारी आलं, की बहीण गेल्यापासून विहीणबाई बाथरूममधे नळ सोडून रडतात, घरात कोणाला माहीत नाही, तुलाच सांगते. दातवालीने त्याचं उत्तरही लिहिलं. चांगलं लिहिलं. पुढच्या आठवड्यात ती मुलीकडे गेली असताना आतून नळाचा आवाज आला आणि तिला हातातल्या बशीवरून नजर वर करवेना. त्या दिवशी सगळं सांगून टाकायला हवं होतं. पण तिने सांगितलं नाही, कारण आता नुसती मास्तरणीची गोष्ट राहिली नव्हती, तिची स्वतःची लाज त्यात अडकली होती.

अशात 'पैलतीर'वाल्यांनी कळवलं की महिन्याअखेरच्या शनिवारी पाच वाजता गेम कायमचा बंद होणार. चौघी धावतपळत शेवटच्या घाटाला पोचल्या तेव्हा तीन शनिवार उरले होते.

घाटावर नावाडी असतो. नऊ वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी तोच भेटला होता आणि त्याने प्रत्येकीला एकटीला विचारलं होतं, "कशासाठी निघालीस?" जे उत्तर लिहाल ते तो मोहरबंद करून ठेवायचा. शेवटी त्याच प्रश्नाला तेच उत्तर दिलं तर नावेत जागा. चुकलं तर तो पाठ फिरवणार आणि आठवडाभर वळून बघणार नाही. असं तीनदा. तीनदा चुकलात तर घाट बंद, सगळ्यांनाच.

तिघींची उत्तरं नऊ वर्षांपूर्वीच फुटली होती. टपालणीने लिहिलं होतं, "शनिवार जाता जात नाही." विहीणबाईंनी, "सुनेच्या आईवर नजर ठेवायला." दातवालीने, "मास्तरीण म्हणाली म्हणून." मास्तरणीने तेवढं सांगितलं नव्हतं. खोदून खोदून विचारलं तरी ती म्हणाली होती, शेवटच्या घाटावर सांगेन, तोवर जगा.

दातवालीला रात्रंदिवस तेवढं एकच लागून राहिलं. बाईचा हात गेला, शाळा गेली, तोंडातली भाषा गेली. ती नऊ वर्षं जपून ठेवलेली एक ओळ तरी जाऊ द्यायची नाही. नावाडी उत्तर सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. मास्तरणीचा एक शब्द, खरा तिचा, पुन्हा एकदा जगात उमटेल. त्यासाठी ती काहीही करायला तयार होती, फक्त मास्तरणीला विचारणं सोडून. म्हणजे विचारलं तिने. "काय लिहिलं होतंस गं? गोष्ट ऐकायला, असं काही?" एक, दोन, तीन, चार. मास्तरीण म्हणाली, "आणि..." दातवालीने लिहिलं, "गोष्ट ऐकायला."

नावाड्याने पाठ फिरवली.

"मास्तरीण?" टपालणीने लिहिलं. "थट्टा पुरे." दातवालीने लिहिलं, "वय झालं गं."

त्या आठवड्यात तिने मास्तरणीच्या वह्या काढल्या. प्रत्येक शनिवारची नोंद मास्तरीण करत आली होती, सुबक अक्षरात, कोणी काय म्हटलं त्यासकट. दातवालीने कामाच्या ठिकाणी, दातांच्या क्लिनिकमधे, जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता नऊ वर्षं वाचून काढली. पहिल्या पानावर एवढंच होतं: "आज निघालो. चौघी." त्यावर तिने सगळं पणाला लावलं आणि दुसऱ्या शनिवारी लिहिलं, "चौघींसाठी." लिहिताना मागून मास्तरणीचा डावा हात तिच्या खांद्यावर पडला, जोरात. तिला वाटलं, शाबासकी. तिने बटण दाबलं.

नावाड्याने दुसऱ्यांदा पाठ फिरवली. मास्तरीण आत निघून गेली आणि या वेळी तिने दार लावून घेतलं. मास्तरणीच्या नवऱ्याने, तो मोजणी खात्यातून निवृत्त झालेला मितभाषी माणूस, चहाचा कप टेबलावर ठेवला आणि तो म्हणाला, ती दर शनिवारी सकाळपासून तुमची वाट बघते आणि तुम्ही गेलात की रडते, मला काही कळत नाही.

दातवाली घरी गेली, जेवली नाही. आता एकच फेरी उरली होती.

बुधवारी क्लिनिकमधे एक म्हातारे शिंपी आले. तिसऱ्यांदा. दातवाली क्लिनिकच्या मागच्या खोलीत बसून कवळ्या करते, तीस वर्षं; प्लास्टरचे साचे, मेणाच्या कडा, त्यात एकेक दात बसवायचा. हात असा की डॉक्टर तिच्या कामाकडे बघतसुद्धा नाहीत. पण या कामात एक गोष्ट टेक्निशियनला करता येत नाही. मेणाच्या कडा तोंडात घालून माणसाने स्वतः मिटायचं असतं. वरचा जबडा खालच्यावर कसा बसतो ते त्याचं त्यालाच माहीत, तेही त्याच्या डोक्याला नाही, नुसत्या जबड्याला. त्याला चावा म्हणतात. नव्या मुलींना ती पहिल्या दिवशी सांगते: दात आपले, चावा त्यांचा. शिंप्यांचं मेण मागच्या वेळी खिडकीतल्या उन्हाने वाकडं झालं होतं. त्यांना परत बोलवायचं सोडून तिने सवयीने अंदाज केला आणि दात लावून दिले. शिंप्यांनी कवळी काढून तिच्या हातात ठेवली.

"बाई, दात फार देखणे आहेत," ते म्हणाले. "पण मिटलं की दुसऱ्याच कोणाचं तरी तोंड मिटल्यासारखं वाटतं."

डॉक्टर म्हणाले, पुन्हा चावा घेऊ. तिने मेण कोमट केलं, कडा शिंप्यांच्या तोंडात बसवल्या आणि नेहमीचं म्हणाली, बोलू नका, घाई नाही, मिटा. शिंप्यांनी डोळे मिटले. जबडा इकडे गेला, तिकडे गेला, कुठेतरी जरा थबकला. मग तो आपसूक जागेवर बसला. तिच्या अंदाजापासून चांगला अर्धा दात दूर.

दातवाली मागच्या खोलीत गेली, दार लोटलं आणि प्लास्टरच्या पोत्यावर बसली. खांद्यावर पडलेला तो हात तिला आता कळला. शाबासकी कसली, ती तिला मागे ओढत होती. स्वयंपाकघरातली भांडी, लावून घेतलेलं दार, सगळं एकदम कळलं आणि आता तीन दिवस उरले होते. चौदा महिने तिने त्या बाईच्या तोंडात आपले देखणे दात बसवले होते आणि तिलाच आरसा धरून दाखवत बसली होती.

तिथूनच तिने विहीणबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं, मधे थांबली तर पुन्हा सांगवणार नाही हे माहीत होतं, म्हणून नळाचंही सांगितलं.

"मी तिला सांगत होते," विहीणबाई शेवटी म्हणाल्या. "तुम्हाला नाही."

"हो."

"ती मेली असती तरी तुम्ही लिहितच राहिला असतात."

तेही खरं असावं, दातवालीला वाटलं. फोन बंद झाला. टपालणीला ऐकू येत नाही म्हणून तिला लांब लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही.

शनिवारी पावणेतीनला दातवाली मास्तरणीच्या घरी पोचली तर विहीणबाई आधीच टेबलाशी बसलेल्या. चार तासांचा प्रवास करून आल्या होत्या आणि पायांतले बूटही काढले नव्हते. दातवालीकडे त्यांनी पाहिलं नाही. मास्तरणीचं तोंड आपल्याकडे वळवून घेऊन त्या सावकाश म्हणाल्या, या घरात तुझ्याशी बोलायचं काही साधन असेलच की. मास्तरणीच्या नवऱ्याने फ्रिजवर हात फिरवला आणि धुळीने माखलेला पुठ्ठा काढून पुसून दिला.

"मी तुला लिहिलेलं हिने वाचलं. तुला माहीत होतं?"

दातवाली मनात मोजत होती. सातला मास्तरणीचं बोट 'हो'वर गेलं.

"तुला हे हवं होतं?"

पाच. 'नाही'.

"कधीच?"

बोट 'नाही'वरून निघालं, उघड्या तळहातावर गेलं. थांब. तिने ते तळहाताचं चित्र पुन्हा पुन्हा ठोकलं, दातवालीकडे बघत. पुठ्ठा वाकला तरी ठोकत राहिली. "आणि आणि आणि." चौदा महिन्यांचं थांब होतं ते, एकदम. दातवाली समोर उभी राहून ते घेत होती. चुकलं म्हणावंसं वाटलं, पण तेही मास्तरणीच्या बोलण्याच्या मधे पडणंच झालं असतं. ठोकून ठोकून मास्तरणीचा हात थकला तेव्हा तिने स्वतःच उजव्या संगणकापुढची खुर्ची ओढली आणि तीत बसली. दातवाली लॅपटॉप घेऊन टेबलाच्या पार टोकाला गेली. विहीणबाईंनी पिशवीतून आपला काढला.

तीन वाजता टपालीण आली. एक शब्द लिहिला नाही, नुसती येऊन घाटावर उभी राहिली.

नावाडी वळला. तिघींना विचारलं, तिघींनी उत्तरं दिली, तिघी नावेच्या फळीपाशी गेल्या. मग त्याने मास्तरणीला विचारलं. "कशासाठी निघालीस?" खाली तीन चौकटी: उत्तर देते. आज नाही. मी इथेच थांबते, त्यांना जाऊ दे.

मास्तरणीने डाव्या हाताने पहिल्या चौकटीत बाण नेला. तिथे रेघ लुकलुकायला लागली. तिचं बोट अक्षरांवर फिरलं, एकावर टेकलं, उचललं. ओठ हलले. तिला उत्तर माहीत होतं, हे खोलीतल्या कोणालाही दिसलं असतं. ते तिच्या चेहऱ्यावर होतं आणि बोटापर्यंत येत नव्हतं. दातवालीने दहा मोजले. साठ मोजले. मग दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिली. साडेतीन झाले. चार झाले. मास्तरणीच्या कपाळावर घाम होता. दातवालीला वाटत होतं, पहिलं अक्षर दे, नुसतं एक दे, पुढचं मी; आणि तोंड तिने असं आवळून धरलं होतं की दाढा दुखायला लागल्या. टपालणीने एकदाही विचारलं नाही की काय चाललंय.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी मास्तरणीने बोट उचललं. बाण हळूहळू खाली सरकवला. तिसऱ्या चौकटीवर.

दातवालीचा हात मांडीखालून सुटला. "अगं नको," ती म्हणाली. "चौघी जाऊ नाहीतर कोणीच नाही, असं ठरलं होतं आपलं."

पडद्यावर विचारणा आली: नक्की? मास्तरणीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. भुवई वर केली. ती, साठ पोरांची.

दातवालीने हात परत मांडीखाली घातला. मास्तरणीने बटण दाबलं.

आता टपालणीने लिहिलं, त्या दिवसातलं पहिलंच. "हे कोणी केलं? आज तरी खरं सांगा." विहीणबाई लिहायला गेल्या, थांबल्या. दातवालीही थांबली. आपण 'तिनेच' म्हटलं तर टपालणीने का विश्वास ठेवावा? मास्तरणीने पडद्यावरची ओळ वाचली. मग डाव्या हाताचा अंगठा कीबोर्डच्या एका टोकाला आणि करंगळी दुसऱ्या टोकाला, असा ताणला की शिरा दिसल्या, आणि दाबलं.

घाटावरची ती बाई खाली बसली. एक जोडा काढला. दुसरा काढला. शेजारी शेजारी ठेवले, नीट.

मग टपालणीने लिहिलं, "हीच."

आणि नंतर, "बये, वर्षभर कुठे होतीस."

विहीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि नावेत चढल्या. टपालीण चढली. दातवालीची वैद्यीण फळीपाशी तशीच. तिचं ठरलं होतं, आपण चढायचं नाही. हिला काठावर टाकून जाऊन काय नदी बघायची? हिच्याशेजारी बसून राहायचं पाचपर्यंत. मास्तरीण खुर्चीतून उठली, पाय ओढत टेबलाच्या टोकाला आली आणि बोटाने लॅपटॉपवर ठोकलं, नावेवर. पुन्हा ठोकलं. दातवाली तिच्याकडे बघत राहिली आणि तिला कळलं की शेजारी बसून राहणं हेही पुन्हा आपल्याच मनाचं झालं. तिने बटण दाबलं, तेव्हा तिला पडदा नीट दिसत नव्हता.

नाव फार सावकाश चालते. नावाडी गोष्ट सांगायला लागला, नद्या का थांबल्या त्याची. मधे एकदा दातवालीने मागे वळून पाहायचं बटण दाबलं: काठ लहान झाला होता, त्यावर एक ठिपका, ठिपक्याशेजारी आणखी दोन ठिपके, जोड्यांचे. नावाडी सांगत होता, "पहिली नदी थांबली ती एका बाईच्या..." आणि पाच वाजले. पडदा काळा झाला. संपर्क तुटला, असं पांढऱ्या अक्षरात आलं आणि तेही गेलं. एका बाईच्या काय, ते आता कोणालाच कळणार नव्हतं. घाटावर वाट बघण्यात गेलेल्या त्या तास-दीड तासात पलीकडे पोचता आलं असतं. दातवालीला ते कळत होतं आणि तो वेळ परत मागायला कोणी उरलं नव्हतं.

विहीणबाईंनी लॅपटॉप मिटला. त्या मास्तरणीला म्हणाल्या, पुढच्या शनिवारी येते, सांगायचं बरंच राहिलंय, पुन्हा पहिल्यापासून सांगते. दातवालीला म्हणाल्या, "मुलीला फोन करत जाऊ नका इतका." दारापर्यंत गेल्या आणि तिथे बूट घालायला वाकल्या, तर बूट पायांतच होते.

दोघीच उरल्या. घरघरणारा संगणक मास्तरणीच्या नवऱ्याने बंद केला, तशी खोली एकदम रिकामी वाटायला लागली. दातवाली तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसली. पुठ्ठा दोघींच्या मधे टेबलावर, तळहाताचं चित्र चुरगळलेलं.

"काय लिहिलं होतंस गं?" तिने विचारलं. एकदाच.

मास्तरणीने तोंड उघडलं. "आणि," ती म्हणाली. तिचा डावा हात हवेत उचलला गेला आणि तिथेच राहिला.

चार, दातवालीने मनात मोजलं. पाच. सहा. दहा झाले. स्वयंपाकघरात चहाचं आधण उकळायला लागल्याचा आवाज आला. तेरा. चौदा.